आरती होईपर्यंत उठायचं नाही

मित्रांनो, तुम्ही वीणा पाहिली असेलच. ज्या ओंडक्यातून एक सुरेख वीणा कोरून काढली, त्याच ओंडक्याची उरलेली फळी म्हणजे मी. फणसाच्या लाकडाचा, चार बोटे उंचीचा एक जुना पाट. माझी बहीण सभांमध्ये मखमली गादीवर जाऊन बसली, लोक तिला नमस्कार करू लागले. माझ्या वाट्याला मात्र लोकांचे बसणे आले. लहानपणी मला याचे फार वाईट वाटे. आता वाटत नाही. का वाटत नाही, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म तंजावरचा. वीणा करणाऱ्या कारागिराच्या अंगणात मी बरेच दिवस भिंतीला टेकून पडलो होतो. एके दिवशी तुळजारामराव नावाचे गृहस्थ आले. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि दोन्हींत सारखाच मोठा आवाज, असे ते होते. राजवाड्याजवळच्या गल्लीत त्यांना रेशमी साड्यांचे दुकान काढायचे होते. त्यांनी मला उचलून पाहिले, बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाले, "हा चांगला आहे. ह्याला चार कोपऱ्यांना पितळ लाव."

पितळ लागले आणि मी दुकानात आलो.

तेव्हाचे दुकान तुम्ही पाहायला हवे होते. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी अंथरलेली. चपला बाहेर काढून गिऱ्हाईक गादीवर बसे, समोर साड्या दाखवणारा बसे आणि दोघांच्या मध्ये साड्यांचा ढीग लागे. तुळजारामराव माझ्यावर बसून सगळ्यांकडे लक्ष ठेवत. कुणा नोकराचे गुडघे दुखत असले तर ते स्वतः उठत आणि मला त्याच्याकडे सरकवत. "बैस रे, दुखणारा गुडघा खोटी किंमत सांगतो," असे ते हसून म्हणत.

मला हळूहळू मान मिळू लागला. लग्नाची खरेदी झाली की नवरीला माझ्यावर बसवून तिच्या खांद्यावर शालू टाकून पाहायचा, असा रिवाजच पडला. त्या पाटावर बसलेल्या मुली सुखात राहतात, असे गावात बोलले जाई. खरे सांगायचे तर त्यातल्या काही जणींनी पुढे सासूची कागाळी माझ्याच समोर केली, पण मी कशाला कुणाची श्रद्धा मोडू?

तुळजारामरावांच्या पत्नी हिराबाई यांना दिवस गेले, तेव्हा त्यांचा वळैकाप्पुही माझ्यावरच झाला. वळैकाप्पु म्हणजे आपल्या डोहाळजेवणासारखाच तिकडचा सोहळा. सातव्या महिन्यात गरोदर बाईला पाटावर बसवतात आणि आलेल्या सुवासिनी एकेक करून तिला हळदकुंकू लावून काचेच्या बांगड्या भरतात. पोटातल्या बाळाला त्यांची किणकिण ऐकू जाते म्हणतात. शेवटी हळदचुन्याच्या लाल पाण्याने आरती उतरवतात. यातला एक नियम नीट लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे. बोलावलेली शेवटची सुवासिनी बांगडी भरून होईपर्यंत आरती करायची नाही, आणि आरती होईपर्यंत गर्भिणीने पाटावरून उठायचे नाही. तिला कुणी उठवायचेही नाही. ते फार अशुभ.

त्या दिवशी हिराबाईंच्या पोटात होता तो गिरीश.

गिरीश मोठा झाला, शिकला. तुळजारामराव गेले आणि दुकान त्याच्या हाती आले. ती साधारण त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची साले. घराघरांवर केबलच्या तारा आल्या होत्या, बाजारात रोज नवे काहीतरी येत होते, आणि मद्रासला जाऊन आलेला प्रत्येक माणूस शहाणा होऊन परत येत होता. गिरीशही आला. आल्या आल्या त्याने गादी गुंडाळली. दुकानाचे शोरूम झाले. काचेची दारे, थंड हवेचे यंत्र, छातीइतके उंच काउंटर. काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाइकांसाठी गुबगुबीत खुर्च्या आणि पलीकडे एकसारख्या निळ्या साड्या नेसलेल्या सतरा बायका. त्यांच्यासाठी काहीच नव्हते.

भिंतीवर पाटी लागली. "विक्रेत्यांनी बसू नये. टेकू नये."

मित्रांनो, सकाळी साडेनऊपासून रात्री नऊपर्यंत उभे राहून पाहा. बेंचवर उभे राहण्याची शिक्षा तुम्हाला एका तासाने नकोशी होते ना? या बायकांचा काही गुन्हाही नव्हता. "पोर बसलेली दिसली की दुकान झोपलेलं वाटतं," असे गिरीश म्हणायचा. लक्ष ठेवायला त्याने सुब्रमण्यम नावाचा मुकादम नेमला. जी बसलेली सापडेल तिने दुसऱ्या दिवशी दाराबाहेर उन्हात उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडायचे, अशी शिक्षा होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, काय अगत्यशील दुकान आहे!

माझी रवानगी मागच्या खोलीत झाली होती, खोक्यांच्या ढिगाखाली. तिथेच बायका पाळीपाळीने अर्धा तास जेवायला येत. त्यांच्यात सगळ्यांत जुनी राजम. तुळजारामरावांच्या वेळेपासूनची, आपली मराठी बोलणारी. तिने मला ओळखले, खोकी बाजूला केली आणि पदराने पुसले. तेव्हापासून जेवण झाले की प्रत्येकीला माझ्यावर पाच-पाच मिनिटे बसायला मिळू लागले. मी त्यांची पावले जवळून पाहिली. सुजलेली, भेगाळलेली, पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आलेली. काही जणी दिवसभर पाणीच पीत नसत, कारण मोरीत जाण्यासाठीही सुब्रमण्यमला विचारावे लागे. मला रडता येत असते तर माझे पितळ केव्हाच काळे पडले असते.

हे सुख महिनाभर टिकले. एक दिवस सुब्रमण्यमने पाहिले आणि गिरीशला सांगितले. गिरीश मला हाकून देऊ शकत नव्हता, कारण हिराबाईंचा माझ्यावर जीव. म्हणून त्याने मला शोरूमच्या कोपऱ्यात मांडले आणि माझ्यावर लक्ष्मीची तसबीर ठेवली. देवाच्या पाटावर कोण बसणार? अशा रीतीने त्या दुकानात बसायची परवानगी असलेली एकटी लक्ष्मीच उरली. मी तिला सांभाळत कोपऱ्यातून सगळे पाहत राहिलो, आणि मला त्या मानाची लाज वाटत राहिली.

आता भुवनेश्वरीची गोष्ट. ही पापनाशमहून रोज पहाटेच्या बसने येणारी, चोवीस वर्षांची, हसरी मुलगी. नवऱ्याची भातगिरणी बंद पडली होती, त्यामुळे घर हिच्या पायांवर उभे होते. शब्दशः पायांवर. ती गरोदर राहिली. पाचवा महिना गेला, सहावा गेला. पाय इतके सुजले की चपलेचा पट्टा लागेना. एका दुपारी तिला भोवळ आली आणि ती साड्यांच्या गठ्ठ्यावर टेकली. दुसऱ्या दिवशी ती दाराबाहेर उन्हात हात जोडून उभी होती.

संध्याकाळी ती गिरीशसमोर गेली. तिचे तमिळ मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

"मुदलाळी, दुपारी फक्त थोडा वेळ बसू द्या. काउंटरमागे बसेन, कुणाला दिसणार नाही."

मुदलाळी म्हणजे मालक. मालकाने हिशेबाच्या यंत्रावरून मान वर केली नाही. "दिवाळी होईपर्यंत ये. नंतर येऊ नकोस. या जागेसाठी बाहेर दहा जणी उभ्या आहेत."

"बाळ झाल्यावर तरी?"

"बाळ झाल्यावर बाळ सांभाळ," तो म्हणाला.

भुवनेश्वरी माझ्या कोपऱ्यात आली, लक्ष्मीला नमस्कार करायचा बहाणा करून रडली आणि परत उभी राहायला गेली. राजम ते पाहत होती. तिची नजर भुवनेश्वरीवरून माझ्यावर आली आणि माझ्यावरच थांबली. ही बाई काहीतरी शिजवते आहे, हे मी तेव्हाच ओळखले.

दुसऱ्या दिवशी राजम हिराबाईंकडे गेली. दिवाळीच्या गर्दीत रजा मिळत नाही, पोरीला सातवा लागला, घरी वळैकाप्पु करायला सवड नाही, तर दुकानातच बांगड्या भरल्या तर? हिराबाई खूश झाल्या. त्यांनी मुलाला सांगितले. गिरीशने क्षणभर विचार केला आणि त्याचे डोळे चमकले. याची तर जाहिरात होईल! "आमच्याकडे नोकर म्हणजे घरचीच माणसं." वर्तमानपत्राचा फोटोवालाही बोलवावा. त्याने दारावर मोठा कागद लावला: शुक्रवारी सकाळी दहा वाजता दुकानात वळैकाप्पु आहे, सर्व सुवासिनींना अगत्याचे आमंत्रण.

"अर्ध्या तासात आटपेल ना?" त्याने राजमला विचारले.

"आटपेल की," राजम म्हणाली.

बिचारा गिरीश! वळैकाप्पु बायकांचा सोहळा. पुरुष त्या वेळी ओसरीवर बसतात आणि शेवटी चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात खाऊन हात धुतात. त्याला त्यातला फक्त भात ठाऊक होता. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी अख्ख्या तंजावरच्या सुवासिनींना आमंत्रण देऊन बसलो म्हणजे काय करून बसलो, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

शुक्रवारी सकाळी राजमने लक्ष्मीची तसबीर उचलून कपाटावर ठेवली. मला खोबरेल तेल चोळले, वर कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढले आणि खाली वाकून हळूच म्हणाली, "आज घट्ट राह, बाबा." मी चाळीस वर्षांत कधी डगमगलो नव्हतो.

दुकानाच्या मधोमध, खांबाला पाठ लागेल असे मला मांडले. भुवनेश्वरी बसली. तिचे वजन माझ्यावर आले तेव्हा दोन जिवांचे वजन कसे असते ते मला पुन्हा कळले. पाठीमागे उशी, पाय लांब केलेले. आधी कडुलिंबाच्या काडीचे कडे, मग भुवनेश्वरीच्या हट्टाने, सुवासिनी नसूनही, हिराबाईंनीच पहिल्या बांगड्या भरल्या. फोटोवाल्याने फोटो काढला. गिरीश हसून उभा राहिला. साडेदहा वाजले.

आणि दार उघडले. बायका येऊ लागल्या. ओरत्तनाडूच्या बसने आलेल्या, खेड्यांतून सायकलच्या मागे बसून आलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत काम करणाऱ्या. बोलावलेली सुवासिनी बांगडी न भरता कशी जाईल? भुवनेश्वरीचे हात कोपरापर्यंत भरले, तेव्हा बांगडी नुसती तिच्या हाताला लावून आपल्या हातात घालायची, असे ठरले. बांगडी भरून झाली की बाई तिथेच जमिनीवर बसे, कारण वळैकाप्पुची गाणी बसूनच म्हणतात. नोकर बायकाही एकेक करून बांगडी भरून आल्या आणि जमिनीवर बसल्या. पहिली बसली, दुसरी बसली, सोळावी बसली. पाटीखालीच बसली.

सुब्रमण्यम धावत आला. "उठा! गिऱ्हाईक आलंय, साड्या कोण दाखवणार?"

"इथेच दाखवतील की," एक गिऱ्हाईक बाई मांडी घालत म्हणाली. "खुर्चीवरून मला पदर नीट दिसतच नाही." झाले! साड्या जमिनीवर उतरल्या. मधोमध रंगांचा ढीग लागला. हसणे, घासाघीस, गाणे, बांगड्यांची किणकिण, सगळे एकत्र. मित्रांनो, डोळे मिटले असते तर मला वाटले असते की तुळजारामराव अजून माझ्यावरच बसले आहेत.

साडेबाराला गिरीशचा धीर सुटला. "पुरे आता. आरती करा आणि कामाला लागा."

आरतीचे तबक राजमच्या हातात होते. लाल पाणी, मध्ये कापूर. तिने ते खाली ठेवले आणि बसल्या जागेवरून आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली:

"अण्णा, एक विचारतें. आरती झाली कीं ही उठणार. उठली कीं कुठें बैसणार?"

भुवनेश्वरीने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मनगटापासून कोपरापर्यंतच्या सगळ्या बांगड्या वाजल्या.

"राजम, हा काय तमाशा आहे?" गिरीश म्हणाला. "दुकान माझं आहे. हिला आत्ता उठवा."

सुब्रमण्यम एक पाऊल पुढे आला. पण हिराबाई त्याच्याआधी पुढे आल्या आणि अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे मोडत भुवनेश्वरीशेजारी जमिनीवर बसल्या.

"गर्भिणीला आरतीविना पाटावरून कोण उठवतो, मज पाहूं दे."

"आयी, तूं सुद्धां?"

"तूं पोटांत होतास तेव्हां मीं ह्याच पाटावर बैसलें होतें. माझे पाय हिच्यासारखेच सुजले होते. तुझ्या अप्पांनी दुकान थांबवलें, पण मज उठवलें नाहीं." त्यांनी भुवनेश्वरीच्या पावलावर हात ठेवला. "हें पाऊल मीं आजवर पाहिलें नाहीं, ही माझी चूक. लक्ष्मीला पाट दिलास आणि लक्ष्म्यांना उन्हांत उभें केलेंस. आतां राजमला उत्तर दे. उत्तर येईल तेव्हां आरती होईल."

गर्दीतून रंजना नावाच्या एक वकीलबाई बोलल्या. त्यांच्या हातात अजून बांगडी होती. "आणि दिवाळीनंतर हिला काढणार असं ऐकलं. बाळंतपणाची रजा कायद्यात आहे, दुकानातल्या बायकांनाही आहे. गरोदर आहे म्हणून काढता येत नाही. हवं तर मी लिहून देते." असे म्हणून त्यांनी बांगडी भरली आणि जमिनीवर बसल्या. फोटोवाला मांडी घालून कॅमेऱ्यात नवा रोल घालत होता. त्याचे पोट भरेल एवढी बातमी त्याला मिळाली होती.

गिरीशने सभोवार पाहिले. शेदीडशे बायका बसलेल्या होत्या. उभे होते दोघेच, तो आणि सुब्रमण्यम.

"हिला काढत नाही," तो शेवटी म्हणाला. "रजाही देतो. एक स्टूल आणवतो."

"एक नको," राजम म्हणाली. "आम्ही सतरा जणी आहोंत."

"सतरा!"

"चुकलेंच." राजमने सुब्रमण्यमकडे पाहिले. पन्नाशीचा तो माणूस दोन वर्षे त्यांच्यामागे दिवसभर उभाच होता, आणि हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. त्याच्या स्वतःच्याही नाही. "अठरा. ह्याचेही गुडघे आहेत."

सुब्रमण्यमने मान खाली घातली. मग काय झाले कोण जाणे, तो सावकाश, खांबाला धरून, खाली बसला. बसताना त्याच्या तोंडून एक "अम्माडी", म्हणजे आपले "आई गं", निघाले, आणि सगळे दुकान हसले. मीही हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला तो माणूस आवडला.

"बरं, अठरा," गिरीश म्हणाला. "उद्या आणवतो. आता आरती करा."

हिराबाईंनी पदर सावरला. "उद्यां कशाला? येऊं देत कीं. पोर बैसली आहे, घाई कुणाला?"

गिरीशने फोन उचलला, आणि दीडच्या सुमारास टेम्पो आला. त्यात लाकडी स्टुले एकमेकांवर रचलेली, अगदी नवी, पॉलिशचा वास येणारी. सुब्रमण्यमने स्वतः ती उतरवून घेतली आणि प्रत्येक काउंटरमागे एकेक नेऊन ठेवले. बायका मोठ्याने मोजत होत्या. अठरावे आत आले तेव्हा राजमने स्टुलावर चढून भिंतीवरची पाटी काढली, आणि मग कापूर पेटवला. लाल पाणी भुवनेश्वरीवरून ओवाळून उंबऱ्याबाहेर रस्त्यावर ओतले. दृष्ट काढली ती फक्त तिचीच नव्हे, असे मला वाटले.

मग भुवनेश्वरी उठली. हिराबाईंनी एका बाजूने धरले, राजमने दुसऱ्या बाजूने. ती चालत आपल्या काउंटरमागे गेली, स्टूल ओढले, सगळ्यांसमोर त्याच्यावर बसली आणि समोरच्या बाईला हसून म्हणाली, "वांगा अम्मा, या, कुठल्या रंगात दाखवू?"

त्या टाळ्या मी विसरणार नाही. माझ्या बहिणीला सभेत मिळाल्या असतील त्यांच्याहून त्या कमी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात गिरीश नव्हता. जमिनीवर बसलेल्या बायका होत्या. त्या आठवड्यात आमच्या दुकानात इतकी गर्दी झाली की गिरीशला रागावायलाही फुरसत मिळाली नाही. पोंगलच्या आत गल्लीतल्या आणखी चार दुकानांत काउंटरमागे स्टुले आली. तिथल्या बायकांनी मालकांना एवढेच विचारले होते म्हणे, की आमच्याकडे वळैकाप्पु कधी ठेवू या?

भुवनेश्वरीला मुलगी झाली. तिचे नाव कीर्तना. रजा संपल्यावर आई परत कामावर आली. बाळ वर्षाचे झाल्यावर त्याला माझ्यावरच बसवून कान टोचले. फार रडली ती, आणि मला ओलेही केले. एवढे कौतुक झालेल्या पाटाने थोडे सहन करायला हवे.

आता मी म्हातारा झालो आहे. माझे एक पितळ निसटले आहे, एका कोपऱ्याला चीर गेली आहे. लक्ष्मीची तसबीर भिंतीवर आहे आणि मी दाराशेजारी असतो. ज्याला बसायचे असेल त्याने बसावे. राजम निवृत्त झाली त्या दिवशी गिरीशने स्वतः मला पुढे आणले. त्याचेही केस पांढरे झाले होते. त्याने मला आपल्या रुमालाने पुसले आणि वडिलांचाच शब्द उच्चारला, "बैस, अक्का." राजम बसली आणि थोडी रडली, माझ्याही वाटचे.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. मला पॉलिश नको, संग्रहालय नको. तुम्ही दिवाळीला कपडे घ्यायला जाल, तेव्हा समोर हसून उभ्या असलेल्या ताईच्या पलीकडे जरा वाकून पाहा. तिथे बसायला काही आहे का? नसेल, तर दुकानदाराला सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारा. आणि तो "उद्या आणवतो" म्हणाला, तर तुम्ही तिथेच जमिनीवर मांडी घालून बसा. आमच्या गल्लीतली सगळी स्टुले अशीच आली.